वाफेवरचा मासा आणि खळीचे कापड

कापडाच्या धंद्यात तीस वर्षे घालविलेल्या माणसाने हॉटेलावर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण माझा पुतण्या माझ्याकडे भांडवल मागावयास आला आणि मला हा विषय शिकणे भाग पडले. "चाचा, देवरूखात चायनीज टाकतो. नुसती गाडी नाही, बसायला जागा असलेले. मासळीही ठेवीन," असे तो म्हणाला.

एसटी स्टँडच्या आसपास चायनीजची गाडी नाही असे गाव आज कोकणात शोधावे लागेल. लाल पाटी, भडकती शेगडी, बाटल्यांतून दोन-तीन रंगांचे सॉस आणि सर्व पदार्थांना एकच चव. मुले कष्टाळू असतात, रात्री उशिरापर्यंत उभी राहतात. तरी यातील बऱ्याच गाड्या वर्ष-दीड वर्षात ताडपत्रीखाली गेलेल्या मी पाहिल्या आहेत. गाडीवाला दुसऱ्या गाडीवाल्याकडे पाहून शिकतो आणि दुसरा तिसऱ्याकडे पाहून. ज्या मालाचा धंदा करावयाचा तो मूळ पेठेत जाऊन, हाताने चाचपून पाहावा, ही आम्हा कापडवाल्यांची रीत आहे. म्हणून मी पुतण्याला म्हटले, आधी खरा माल पाहू, मग पैशाचे बोलू.

मंगळदास मार्केटमधील खरेदी आटोपल्यावर दक्षिण मुंबईतील एका कँटनी पद्धतीच्या मासळीच्या हॉटेलात आम्ही गेलो. बसण्यापूर्वीच मी आमची अडचण सांगितली. चिनी स्वयंपाकात डुकराचे मांस व चरबी चालते, आणि मासळीचा वास मारण्यासाठी तांदळाची दारू घालतात, हे मी विचारून ठेवले होते. वाढपी आत जाऊन आचाऱ्याला विचारून आला. वाफेचे भांडे वेगळे, तेल शेंगदाण्याचे, दारू घालणार नाही, असा जबाब मिळाला. ज्याचे मन एवढ्यावर मानत नसेल त्याने खुशाल उठून यावे. आमचे मानले, आम्ही बसलो.

नंतर वाढप्याने एका ताटात बर्फावर अख्खा जिताडा आणून दाखविला. कल्ला उघडून आतला लाल रंग दाखविला, वजन सांगितले. शेजारच्या टेबलावर दोरीने बांधलेली जिवंत चिंबोरी टोपलीतून दाखविली जात होती. हाँगकाँगात व कँटन शहरात तर दारातच काचेच्या हौदांत जिवंत मासे पोहत असतात, गिऱ्हाईक बोट दाखविते आणि तोच मासा जाळीत येतो. आम्ही मान डोलावली, आणि तेथेच माझी चूक झाली. भावाच्या जागी "बाजारभावाप्रमाणे" एवढेच छापलेले होते. तीस वर्षे भाव करण्यात घालविलेला मी, काटे-सुऱ्या पाहून लाजलो आणि विचारले नाही. बिल आले तेव्हा पुतण्या माझ्या तोंडाकडे पाहू लागला. हॉटेलवाल्याने फसविले नव्हते. विचारले असते तर त्याने सांगितले असते. ती रक्कम मी आमच्या वहीत "शिकवणी" या नावाखाली लिहिली आहे.

कँटनी म्हणजे कोणते

चीनच्या दक्षिणेकडील ग्वांगडुंग प्रांत व त्याची राजधानी ग्वांगझौ, म्हणजेच जुन्या व्यापाऱ्यांचे कँटन. हे नाव आपल्याला अगदीच परके नाही. १७५७ ते १८४२ या काळात चीनच्या बादशाहीने पश्चिमेकडून येणाऱ्या जहाजांना व्यापारासाठी हे एकच बंदर मोकळे ठेवले होते. मुंबईहून चीनला गेलेला कापूस, आणि दुर्दैवाने अफूसुद्धा, कँटनच्याच वाटेने गेली. या व्यापारात जमशेटजी जीजीभाई यांच्याबरोबर भागीदार होते ते कोकणी मुसलमान जहाजमालक महंमद अली रोगे. त्या शहरात हुआइशेंग नावाची फार जुनी मशीद आहे. तिच्या मिनाराला प्रकाश-मिनार म्हणतात, कारण त्यावरील दिव्याचा उपयोग नदीतून येणाऱ्या जहाजांना होत असे. १९५७ पासून तेथे वर्षातून दोनदा भरणाऱ्या व्यापारी जत्रेला आपल्याकडील कापडवालेही जातात.

मुंबईत आलेले चिनी बरेचसे याच प्रांतातले, जहाजावरचे खलाशी आणि कारागीर. माझगावला त्यांचे सी यूप कून हे देऊळ १९१९ पासून आहे. सी यूप म्हणजे ग्वांगडुंगमधील चार परगणे, त्यांच्या गावाकडचे नाव. १९६२ च्या लढाईनंतर देशभरातील चिन्यांवर संशयाची नजर आली, अनेकांना राजस्थानात देवळी येथील छावणीत डांबण्यात आले, पुष्कळ लोक देश सोडून गेले. राहिले त्यांनी केशकर्तन, दातांचा दवाखाना, चामडे आणि हॉटेल यांवर पोट भरले. कुलाब्याचे नानकिंग हे लिंग कुटुंबाचे हॉटेल. पुढे १९९१ साली त्याच कुटुंबाने लिंग्ज पॅव्हेलियन सुरू केले.

आपल्या गाडीवरचे मंचुरियन मात्र कँटनचेही नाही आणि मंचुरियाचेही नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी ते १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात तयार केले असे सांगितले जाते. आले, लसूण, मिरची ही आपली, त्यात सोया सॉस आणि मक्याचे पीठ. म्हणजे मुंबईचाच माल, शिक्का परदेशी. त्यात गैर काही नाही, सुरतेच्या जरीवरही असे शिक्के पाहिले आहेत. पण विकणाऱ्याला आपण काय विकतो हे माहीत असावे.

मक्याचे पीठ

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जिताडा शिजून आला तेव्हा त्यावर ना मसाला, ना दाट रस्सा. आल्याचे व कांद्याच्या पातीचे बारीक तुकडे, थोडा सोया सॉस, वरून ओतलेले कडकडीत तेल. बस. पुतण्याचा चेहरा पडला. त्याला वाटले, एवढ्या पैशांत हे? पहिला घास घेतल्यावर मात्र तो बोलायचा थांबला.

कृती विचारून घेतली. पाणी आधी खळखळ उकळले पाहिजे. मासा फ्रीजमधून काढून तसाच थंडगार ठेवू नये. ताटलीत खाली पातीचे दांडे ठेवून त्यावर मासा, म्हणजे खालूनही वाफ लागते. सहा-सातशे ग्रॅमच्या माशाला आठ ते दहा मिनिटे, जास्त नाही. शिजताना ताटलीत जे पाणी सुटते ते ओतून टाकतात, कारण वास त्यात उतरतो. सॉस व गरम तेल अगदी शेवटी. काट्याजवळचे मांस नुकतेच सुटू लागले की उतरवायचे. दोन मिनिटे जास्त झाली तर मासा कापसासारखा होतो.

आता व्यापारी नजरेने पाहा. या पद्धतीत शिळा मासा चालूच शकत नाही. झाकण उघडताच वाफेबरोबर वास खोलीभर जातो. लपविण्यास जागाच नाही. याउलट गाडीवर काय होते? मासळीचे तुकडे पिठात घोळून तळले, वर लाल रंग, मक्याच्या पिठाने दाट केलेला सॉस. आत ताजी सुरमई आहे की दोनदा बर्फातून काढलेली, की सुरमईच नाही, हे खाणाऱ्याला सांगता येत नाही.

कापडवाल्यांना हे लगेच समजेल. विरळ विणीच्या कापडाला भरपूर खळ दिली की तागा भारी लागतो, हाताला कडक आणि डोळ्यांना घट्ट दिसतो. पहिल्या धुण्यात खळ उतरते आणि हातात जाळी राहते. म्हणून जुना खरेदीदार कापडाचा कोपरा दोन बोटांत चोळतो. पांढरी पूड झडली की तो तागा बाजूला ठेवतो. आणि गंमत अशी की खळीसाठीसुद्धा मक्याचेच पीठ वापरतात! कापडात गेले की खळ, कढईत गेले की ग्रेव्ही. मी स्वतः धंद्याच्या पहिल्या काही वर्षांत असा स्वस्त माल घेतला होता. आषाढात गिऱ्हाइके धुतलेले कापड परत घेऊन दुकानात आली. पैसे परत केले, पण त्यातली दोन घरे पुन्हा दुकानाची पायरी चढली नाहीत. पुतण्याला हे मी त्या टेबलावरच सांगितले.

येथे कोणी म्हणेल, मग आमच्या कालवणात मसाला नाही का? आहे. पण आमच्या घरच्या बाया मासा पाहून घेतात आणि मग मसाला वाटतात. आमसूल आणि तिरफळ चवीसाठी आहेत, पुरावा नष्ट करण्यासाठी नाहीत.

वजन आणि भाव

कँटनी हॉटेलात मासळी ताटावर नव्हे, वजनावर विकतात. हाँगकाँगात अजून जुना कॅटी चालतो, सुमारे ६०५ ग्रॅमचा, आणि त्याचे सोळा भाग. आपल्या शेराचे सोळा छटाक ज्यांना आठवतात त्यांना हा हिशेब घरचाच वाटेल. चीनमध्ये मात्र आता ५०० ग्रॅमचा जिन आणि त्याचे दहा भाग. भाव रोज बदलतो. म्हणून छापीत नाहीत, सांगतात. यामुळे हॉटेलवाल्याचे नुकसान टळते. बंदरावर भाव चढला की त्याला ताट लहान करावे लागत नाही. आपल्याकडे "फिश थाळी"चा भाव वर्षभर एकच ठेवतात आणि महाग दिवसांत तुकडा पातळ होत जातो. गिऱ्हाइकाला हे कळते, ते बोलत नाही, एवढेच.

पण देवरूखात "बाजारभावाप्रमाणे" चालणार नाही. माझ्यासारखे लाजणारे येथे पुष्कळ आहेत. भाव रोज खडूने पाटीवर लिहिलाच पाहिजे. वजन कोणते, हेही स्पष्ट हवे. अख्खा तोललेला मासा आणि साफ करून तोललेला मासा यांत फरक पडतो.

मासळीचे म्हणाल तर देवरूख बंदर नव्हे. माल रत्नागिरीहून, मिरकरवाड्याकडून बर्फात येतो. जिवंत हौद येथे परवडणार नाही. एक जिवंत जिन्नस मात्र पोचतो, तो म्हणजे खाडीची कुर्ली, बांधून ओल्या गोणीत ठेवली की टिकते. वाफेला पापलेट चांगले, लहान आकाराचे एका माणसाला एक. जिताडा मिळेल त्या दिवशी. सुरमई मोठी, ती तुकड्यांचीच. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंद झाली की दोन महिने काय करावयाचे, याचे उत्तर पुतण्याजवळ नव्हते. मी म्हटले, ते दोन महिने कोंबडी आणि भाजी विक, पण डिसेंबरचा मासा जुलैत ताजा म्हणून विकू नकोस.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, पाण्यातील जनावरांच्या बाबतीत आपल्याकडे मोकळीक जास्त. हनफी मसलकात मासाच जायज. शेवंड, कालवे, कुर्ली नाही, आणि कोळंबीबद्दल त्यांच्या उलमांत मतभेद आहेत. कुर्ली जमिनीवरही राहते म्हणून तिच्याबद्दल शाफई उलमांतही एकमत नाही. म्हणून कुर्लीची कढई व पळी वेगळी असावी. ऑयस्टर सॉसचेही तेच. ही बाटली कालवांच्या रसाची असते. ग्वांगडुंगमधील ली कुम शुंग नावाच्या खानावळवाल्याच्या हातून १८८८ साली कालवांचे भांडे चुलीवर जास्त वेळ राहिले आणि हा सॉस निघाला, त्यावर मोठी कंपनी उभी राहिली. हनफी पाहुण्याच्या भाजीत तो न विचारता घालणे बरोबर नाही. दारूच्या जागी आल्याचा रस व लिंबू चालते, आम्ही घरी करून पाहिले. सोया सॉसची बाटली घेताना मात्र मागचा कागद वाचावा आणि शंका असल्यास आलिमांना विचारावे, ते काम माझे नाही. अजिनोमोटो चिनी आहे हा समजही चुकीचा. १९०८ साली इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने समुद्री शेवाळातून ती चव शोधली. ताज्या माशाला तिची गरज पडत नाही.

त्या दिवशी वाढप्याने जाता जाता एक गोष्ट सांगितली. वरची बाजू खाऊन झाल्यावर दर्यावर्दी कँटनी लोक मासा उलटा करीत नाहीत, होडी उलटेल म्हणून. काटा उचलून खालचे मांस काढतात. आणि चिनी भाषेत मासा व शिल्लक या दोन्ही शब्दांचा उच्चार "यू" असाच होतो, म्हणून नव्या वर्षाच्या जेवणात थोडा मासा मुद्दाम ताटात ठेवतात. वहीत शिल्लक राहावी ही इच्छा जगभर सारखीच.

पैसे मी दिले, मागितले त्याच्या निम्मे. उरलेले पुढच्या मोसमाचा हिशेब पाहून देईन. मंचुरियन ठेवण्यास मी हरकत घेतली नाही, पोरे तेच मागतात. पण दर्शनी भागात बर्फाचे ताट आणि काटा असेल. पाटी रंगवून आली आहे, तिच्यावर चार रकाने आहेत: मासा, बंदर, वजन, किलोचा भाव. बर्फावर किती दिवस, हा पाचवा रकाना मी सुचविला आहे. पुतण्या अजून विचार करतो आहे.