ड्रॉइंगात नाही ते मोजू नये

उद्यमबागेत आमच्या मशीनशॉपमध्ये इन्स्पेक्शनच्या टेबलामागे ड्रॉइंगं लावलेली असतात. प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात, पार्ट नंबराच्या चौकटीशेजारी बारीक अक्षरात छापलेलं असतं : 'डू नॉट स्केल'. कागदावर पट्टी ठेवून माप काढू नका, जे आकडे लिहिलेत तेवढेच खरे. सात वर्षं मी त्या सूचनेसमोर उभा राहून जॉब तपासतोय. तरीही आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत रीडिंगला मला ५.५ पडले. मला पाहिजे होतं त्या विद्यापीठाची अट होती एकूण ६.५ आणि कुठल्याही भागात ६ च्या खाली नाही. म्हणजे पुढच्या शिक्षणाला जायचं स्वप्न अर्ध्या गुणावर अडलं.

इंग्रजी कच्चं होतं म्हणावं तर लिसनिंगला ७ होते. रीडिंग हा माझा हुकमी पेपर, असं मीच सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

परीक्षा पुण्याला होती. रात्रीच्या गाडीनं निघालो. तवंदीचा घाट उतरून निपाणी आली तेव्हा खिडकीची काच पुसून बाहेर बघितलं. तिथून चार किलोमीटर आत माझी आज्जी राहते, एकटी. वडील फौंड्रीत मोल्डर होते म्हणून आम्ही अनगोळला आलो, काका चाकणला गेले, आत्या मुंबईला. आज्जीनं घर सोडलं नाही. हे घरगुती पुराण मुद्दाम सांगतोय, कारण दुसऱ्या दिवशी तेच आडवं आलं.

तिसरा उतारा वाढत्या वयाच्या लोकसंख्येवर होता. विषय बघून मला बरं वाटलं, आणि घात तिथंच झाला. पहिल्या दोन उताऱ्यांचे विषय मला परके होते, म्हणून एकेक ओळ चाचपत गेलो. इथं मात्र 'यातलं आपल्याला सगळं कळतं' म्हणून सुटलो. गावोगाव बंद घरं, ओट्यावर बसलेली म्हातारी, पेन्शन नाही, पोरं लांब. मला कोण काय सांगणार? प्रश्नातल्या प्रत्येक विधानापुढे उताऱ्यावरून 'ट्रू', 'फॉल्स' किंवा 'नॉट गिव्हन' लिहायचं होतं. ती विधानं मी उताऱ्याशी ताडून बघायच्याऐवजी आज्जीच्या ओट्याशी ताडून बघितली. परगावी गेलेल्यांच्या आईबापांना एकटेपणा जाणवतो, अशा अर्थाचं काही दिसलं की छाती ठोकून 'ट्रू'. उताऱ्यात एकटेपणाबद्दल अवाक्षर होतं की नव्हतं, हे आज विचारलंत तर मला सांगता येणार नाही. मी बघितलंच नव्हतं.

खऱ्या पेपरातला मजकूर बाहेर सांगायचा नसतो, तेव्हा पुढचे नमुने मी स्वतः तयार केलेत. आकडे मात्र खरे आहेत.

समजा उतारा असा आहे : 'पासष्टी ओलांडलेल्यांचं प्रमाण लोकसंख्येच्या ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला ११५ वर्षं लागली. जपानमध्ये हाच टप्पा १९७० ते १९९४ या २४ वर्षांत पार झाला.'

आता विधानं बघा. 'जपान फ्रान्सपेक्षा कमी वर्षांत म्हातारा झाला' : ट्रू. 'जपानला या टप्प्यासाठी पाव शतकाहून जास्त काळ लागला' : फॉल्स, कारण २४ हा आकडा समोर आहे आणि पाव शतक म्हणजे २५. इथवर कुणी चुकत नाही. तिसरं विधान : 'जपानी माणूस फ्रेंच माणसापेक्षा जास्त जगतो.' जपानी लोक दीर्घायुषी असतात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणून हात आपोआप 'ट्रू'कडे जातो. उत्तर आहे 'नॉट गिव्हन'. त्या दोन वाक्यांत कोण किती जगतो याबद्दल काहीच नाही.

हे मला क्लासमध्ये शिकवलं नव्हतं का? शिकवलं होतं, पण वेगळ्या रीतीनं. ज्या क्लासला मी दोन महिने गेलो तिथं मंत्र एकच : कीवर्ड शोधा. प्रश्नातला शब्द उताऱ्यात सापडला की ट्रू, उलटा शब्द सापडला की फॉल्स, काहीच सापडलं नाही की नॉट गिव्हन. ऐकायला छान आहे. पण प्रश्न तयार करणारे त्याच्या वरचे असतात. वरच्या नमुन्यात 'जपान', 'फ्रान्स' दोन्ही शब्द सापडतात आणि उत्तर तरीही नॉट गिव्हन. उलट खरं उत्तर असतं तिथं ते शब्द बदलून ठेवलेले असतात : प्रश्नात 'म्हातारे', उताऱ्यात 'पासष्टीपुढचे', प्रश्नात 'पाव शतक', उताऱ्यात '२४ वर्षं'. शब्द शोधणारा उपाशी राहतो.

माझं डोकं ठिकाणावर आलं ते निकालानंतर, आमच्या मेस्त्रींमुळे. त्यांना इंग्रजी परीक्षेचं काही देणंघेणं नाही. चहाच्या वेळी मी रडगाणं गात होतो, तर ते म्हणाले, "ते चाळीस फ्लँज आठवतात काय रे?"

आठवत होते. नवा असताना मी चाळीस फ्लँज रिजेक्ट करून लाल पेटीत टाकले होते. का, तर बोअरच्या तोंडाला चँफर, म्हणजे तिरकी कापलेली कड, नव्हता. माझ्या मते असायला पाहिजे होता, सगळ्या फ्लँजना असतो. मेस्त्रींनी ड्रॉइंग टेबलावर पसरलं आणि म्हणाले, "दाखव बोट ठेवून." बोट ठेवायला जागा नव्हती. चँफरचा उल्लेखच नव्हता. पाहिजे असंही नाही, नको असंही नाही. "मग तू कोण रिजेक्ट करणारा? पार्टीला फोन लाव, विचार." पार्टीला तिथं धारदार कडाच पाहिजे होती, सील बसवायला.

त्या चहाच्या दिवसापासून पेपर सोडवायची माझी रीत हीच. बोअर २५ मिलिमीटर, अधिक-उणे ०.०२ लिहिलंय आणि माप २५.०१ आलं : पास, ट्रू. २५.०५ आलं : रिजेक्ट, फॉल्स, आणि का ते मी आकड्यावर बोट ठेवून दाखवू शकतो. चँफरबद्दल कागद गप्प आहे : नॉट गिव्हन. फॉल्स आणि नॉट गिव्हन यांत गडबडणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, फॉल्स लिहायचं असेल तर विधानाला खोटं पाडणारं वाक्य बोटाखाली आलं पाहिजे. बोट हवेत फिरत असेल तर फॉल्स लिहू नका, तुम्हाला ते कितीही खोटं वाटो. आणखी एक सोय आहे : या प्रकारात प्रश्नांचा क्रम उताऱ्याच्या क्रमानं जातो. तिसऱ्याचं आणि पाचव्याचं उत्तर सापडलं असेल तर चौथ्याचं त्या दोन्हींच्या मधेच शोधायचं. तिथं काही नाही म्हणजे नाहीच, खाली-वर धावायचं कारण नाही.

वाढत्या वयाच्या लोकसंख्येच्या या विषयात काही खड्डे ठरलेले आहेत. मी एकूणएक खड्ड्यांत पडून आलोय.

पहिला खड्डा कारणाचा. लोकसंख्या म्हातारी का होते? मी डोळे झाकून लिहिलं असतं : औषधं सुधारली, माणसं जास्त जगायला लागली. ते अर्धंच खरं. मोठं कारण बहुतेक ठिकाणी पाळण्याकडचं असतं. पोरं कमी झाली की म्हाताऱ्यांचा टक्का वाढतो, एकही म्हातारा एक दिवस जास्त जगला नाही तरीही. आमच्याच घरचं घ्या. आज्जीच्या पिढीत सहा भावंडं, वडिलांच्या पिढीत तीन, आमच्यात दोघं. भारताचा जननदर २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत बाईमागे २.० वर आला होता. म्हणून उताऱ्यात 'लोकसंख्येचं वय' आणि 'माणसाचं आयुष्य' या दोन गोष्टी आल्या की त्या वेगवेगळ्या ठेवा. प्रश्न नेमका त्यांची गल्लत करून बसवलेला असतो.

दुसरा, होईल आणि आहे. भारतात साठीपुढचे २०२२ मध्ये साधारण १०.५ टक्के होते, २०५० पर्यंत २०.८ टक्के होतील असा अंदाज आहे. 'भारतात दर पाच माणसांत एक ज्येष्ठ आहे' हे विधान आलं तर फॉल्स. एका क्रियापदाचा फरक. 'काही', 'बहुतेक', 'सगळे', 'फक्त' हे असलेच चिल्लर शब्द, पण गुण खातात. तसंच साठ की पासष्ट, हेही बघून घ्या. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक साठीला होतो, परदेशी उताऱ्यात बहुधा पासष्टीला.

तिसरा व्याख्येचा, आणि तो मला अजून पटत नाही. या उताऱ्यांत 'अवलंबित्वाचं गुणोत्तर' म्हणून एक प्रकार येतो. पंधरा ते चौसष्ट वयाचे कमावते धरायचे आणि त्यांच्या दर शंभरामागे पासष्टीपुढचे किती ते मोजायचं. आमचे मेस्त्री सहासष्ट वर्षांचे आहेत. रिटायर होऊन परत बोलावून घेतले, कारण कास्टिंगचा आवाज ऐकून आत पोकळी आहे हे ओळखणारा दुसरा कुणी मिळेना. पुस्तकाच्या हिशोबात मेस्त्री आमच्यावर अवलंबून आणि शॉपच्या हिशोबात आम्ही त्यांच्यावर. पेपरात मात्र पुस्तकाचाच हिशोब धरायचा. तिथं वाद घालायला कुणी नसतं.

आता वेळेचं. रीडिंगला ६० मिनिटं, ४० प्रश्न, तीन उतारे. मी तिसऱ्या उताऱ्याला पोचलो तेव्हा पंधरा मिनिटं उरली होती. त्यातली चार-पाच मी तो आवडीनं वाचण्यात घालवली, रविवारची पुरवणी वाचावी तसा. आधी प्रश्नांवरून नजर फिरवायची, मग उतारा, हे माहीत असून विसरलो. शेवटचे सहा प्रश्न कोरे राहिले. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. कोरं सोडणं हा शुद्ध गाढवपणा होता, तीनांतलं एक काहीतरी लिहिलं असतं तरी दोनेक लागले असते. कागदावर परीक्षा देणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं : लिसनिंगला उत्तरं उतरवायला दहा मिनिटं जादा मिळतात, रीडिंगला एक मिनिटही नाही. उत्तरपत्रिकेवर थेट लिहा.

गाळलेल्या जागांमध्ये 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' म्हटलं की तीन शब्द लिहिलेलं उत्तर बरोबर असूनही बाद. उताऱ्यातला शब्द अनेकवचनी असेल तर तो 's' खाऊ नका, स्पेलिंगही तिथलंच उचला. परिच्छेदांना मथळे जोडायचा प्रकार आला तर पहिल्या वाक्यावर भुलायचं नाही. परिच्छेद जपानपासून सुरू होतो आणि त्यात सांगायचं असतं पेन्शनबद्दल. मी तिथं जपानचा मथळा लावून आलो असणार, अशी दाट शंका आहे.

दुसऱ्या परीक्षेच्या आधी चार दिवस आज्जीकडे राहिलो. हातानं आता भरभर होत नाही तरी ती थोड्या विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात ओली केलेली टेंभुर्णीची पानं, पत्र्याचा साचा. साचा पानावर ठेवायचा आणि कात्रीनं कडेकडेनं कापायचं. मी लहानपणापासून हे बघत आलोय, पण साच्याकडे गेज म्हणून पहिल्यांदा बघितलं. कापताना ती पानाकडे बघतच नव्हती, बोट साच्याच्या कडेवरून फिरत होतं. कारखानदाराचा माणूस छाट काढतो, म्हणजे मापात नसलेल्या विड्या बाजूला टाकतो आणि त्यांची मजुरी देत नाही. त्या भीतीनं चाळीस वर्षांत बोट कडेवरून सरकलेलं नाही.

मी विचारलं, "आज्जी, एकटीला करमत नाही ना?"

"कोण म्हणालं?" ती म्हणाली. "सकाळी पानं भिजवायची, दुपारी चौघी वसरीला येत्यात, सांजच्याला शिरेल. न करमायला वेळ कुठं हाय?"

मी पेपरात काय लिहून आलो होतो, ते तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या खेपेला रीडिंगला ७ पडले. म्हणजे ४० पैकी तीसच्या आसपास बरोबर. जायचं की नाही हे अजून ठरत नाही. गुण दोन वर्षं चालतात, तेवढी मुदत आहे.

सध्या जेवणाच्या सुट्टीत शॉपमधली तीन पोरं हीच रीत शिकायला इन्स्पेक्शन टेबलाशी बसतात. परवा त्यांना २०११ च्या जनगणनेतलं एक वाक्य दिलं : साठीपुढच्यांचं प्रमाण केरळात १२.६, गोव्यात ११.२, महाराष्ट्रात ९.९ आणि कर्नाटकात ९.५ टक्के. विधान दिलं : 'महाराष्ट्रापेक्षा केरळात ज्येष्ठ नागरिकांची संख्या जास्त आहे.' एकानं ट्रू लिहिलं, टक्का म्हणजेच संख्या धरून. खानापूरकडचा पोरगा हुशार, त्यानं फॉल्स लिहिलं. म्हणाला, महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा, केरळ सव्वातीन कोटींच्या थोडा पुढं, गुणाकार करून बघा, महाराष्ट्रात अडीचपट जास्त म्हातारे निघतात.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "आता ते सव्वाअकरा कोटी या वाक्यात कुठं आहेत ते दाखव, बोट ठेवून."

तो वाक्यावरून बोट फिरवत राहिला. पलीकडून मेस्त्रींनी डबा बंद केला आणि भोंगा झाला.