सराफा सरकारकडं मागणी कशी मांडतो? बोटमालकांसाठी एक धडा



ऑगस्टमध्ये बोट पाण्यात उतरवायची म्हटली की डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांचा ॲडव्हान्स, सगळा खर्च एकदम अंगावर येतो. कित्येक घरांत तेव्हा बाईच्या गळ्यातलं काढून सराफाकडं नाहीतर बँकेत ठेवावं लागतं. त्यामुळं सोन्याच्या बाजाराशी आपलं नातं फक्त लग्नसराईपुरतं नाही.

आज त्या बाजाराकडं वेगळ्या बाजूनं बघू. सोन्याचे व्यापारी सरकारकडं काय मागतात, कसं मागतात, आणि शेवटी पदरात काय पडतं? हा विषय घ्यायचं कारण सोपं आहे. सभेत आपण दर वर्षी पंधरा-वीस मागण्यांची यादी करतो. निवेदन जातं, फोटो निघतो, आणि पुढच्या वर्षी तारीख बदलून तीच यादी परत येते. मग ज्यांच्या मागण्यांवर सरकारला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं, ते काय वेगळं करतात हे बघायला काय हरकत आहे?

बाजार कुठला?

उदाहरण घेऊ इंदूरच्या सराफ्याचं. इंदूर म्हणजे होळकरांची राजधानी, आजही मराठी घरं तिथं भरपूर. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत हा बाजार आहे. दिवसा सोन्या-चांदीचा व्यवहार चालतो. रात्री दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडा, जलेबी यांच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गर्दी असते. (मासळी मात्र मिळायची नाही, सगळं शाकाहारी!)

या बाजाराचं समुद्राशी नातं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. त्या व्यापारात इंदूरच्या पेढ्यांचा पैसा फिरायचा, हुंडी इंदुरात लिहिली तर पैसे मुंबईत मिळायचे. बड्या पेढ्यांची 'ग्यारह पंच' नावाची संस्था होती. व्यापारातले तंटे तिच्यापुढं मिटायचे आणि दरबारातही तिच्या शब्दाला वजन होतं. म्हणजे एकत्र बसून एका तोंडानं बोलायची सवय तिथं पिढ्यांची आहे.

धडा पहिला: आपण काय घालणार ते आधी सांगा

इंदूरला रेल्वे आली ती नुसत्या अर्जानं नाही. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजानं, १०१ वर्षांच्या मुदतीनं. त्यातून खंडवा-इंदूर मार्ग झाला. ज्याला रेल्वे हवी होती, त्यानं स्वतःचे पैसे पुढं ठेवले. माल मुंबईपर्यंत सुकर जायला लागला, आणि फायदा राज्यालाही झाला, बाजारालाही.

पुढची गोष्ट आपल्या काळातली. इंदूरहून मुंबईला येणारी गाडी रतलाम-वडोदऱ्याकडून वळसा घालून येते. सरळ मनमाडला जोडणारा मार्ग द्या, ही मागणी तिथले व्यापारी आणि पीथमपूरचे कारखानदार कित्येक वर्षं करत होते. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं ३०९ किलोमीटरचा इंदूर-मनमाड मार्ग मंजूर केला, खर्च १८,०३६ कोटी रुपये. ती मागणी वर्षानुवर्षं टिकली, कारण ती एकच होती, नकाशावर बोट ठेवून दाखवता येत होती आणि कुणाचा माल किती लवकर बंदरात पोचेल याचा हिशेब तिच्यासोबत होता.

आता इथं आपण जरा थांबायला हवं. रूळ शेवटी जाऊन मिळतो बंदराला, आणि बंदर असतं आपल्या किनाऱ्यावर. पालघरमधलं वाढवण बंदर १९ जून २०२४ ला मंजूर झालं, तिथल्या मच्छीमारांचा विरोध सगळ्यांना माहीत आहे. आतल्या शहरांतला व्यापारी 'बंदर जवळ करा' एवढंच लिहितो, आणि त्याच्या जागी ते बरोबरच आहे. त्या बंदरानं मासेमारीची जागा कोणाची जाते, वाट कोणाची अडते, हे लिहायचं काम त्याचं नाही. ते आपलं. आपण लिहिलं नाही तर दुसरं कोणी लिहिणार नाही.

धडा दुसरा: बंद म्हणजे उत्तर नाही

मार्च २०१२ च्या अर्थसंकल्पात ब्रँड नसलेल्या दागिन्यांवर १ टक्का अबकारी कर आला. देशभरातल्या सराफांनी तीन आठवडे दुकानं बंद ठेवली. ७ मे २०१२ ला सरकारनं तो कर मागं घेतला.

चार वर्षांनी, २९ फेब्रुवारी २०१६ च्या अर्थसंकल्पात तोच कर पुन्हा आला. पुन्हा बंद, आणि या वेळी जवळजवळ सहा आठवडे. लग्नसराई बुडाली, कारागीर घरी बसले. कर मात्र राहिला.

मग मिळालं काय? सरकारनं समिती नेमली. छोट्या सराफांना जाच होतो, अधिकारी दुकानात येऊन त्रास देतील, कागद ठेवायला माणूस नाही, अशा एकेक मुद्द्यावर चर्चा झाली. शेवटी सुटीची मर्यादा वर्षाला ६ कोटींच्या उलाढालीवरून १० कोटींवर गेली. म्हणजे लहान दुकानदार सुटला. 'कर रद्द करा' यावर पाणी पडलं, पण 'लहानांना वगळा आणि त्रास कमी करा' हे हाती लागलं. (जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर अबकारी कर गेलाच, सोन्यावर ३ टक्के जीएसटी लागला.)

आपण धंदा बंद ठेवला तर पहिलं नुकसान आपलं. बर्फ वितळतो, खलाशी गावाला जातो. म्हणून मोर्चाला निघण्याआधी दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: पूर्ण मागणी काय, आणि ती नाही मिळाली तर निदान काय घेऊन परत यायचं. दुसरी गोष्ट लिहिलेली नसली तर माणूस रिकाम्या हातानं परत येतो.

धडा तिसरा: सरकारचा फायदा दाखवा

सोन्यावरचं आयात शुल्क कमी करा, ही सराफ्याची जुनी मागणी. जुलै २०२२ मध्ये शुल्क वाढून सगळं मिळून १५ टक्के झालं होतं. 'आमचा धंदा बसतोय' एवढंच व्यापारी सांगत बसले नाहीत. त्यांचा मुख्य मुद्दा होता की शुल्क जितकं जास्त, तितकी चोरटी आयात जास्त, आणि त्यात सरकारचाच महसूल बुडतो.

हिशेब बघा. समजा किलोभर सोनं ६० लाखांचं आहे. १५ टक्क्यांनी शुल्क ९ लाख. चोरून आणणाऱ्याला किलोमागं ९ लाखांची लालूच. शुल्क ६ टक्के केलं तर ३ लाख ६० हजार. लालूच निम्म्याहून कमी होते, धोका तेवढाच राहतो.

२३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क १५ वरून ६ टक्के झालं. देशातल्या दागिने बनवण्याच्या धंद्याला चालना मिळावी, असं कारण अर्थमंत्र्यांनी दिलं. म्हणजे मागणी व्यापाऱ्याची, आणि कारण सरकारच्या सोयीचं. मागणी मान्य होते ती अशीच.

पण हेही लक्षात घ्या. त्याच दिवशी सोन्याचा भाव दहा ग्रॅममागं हजारो रुपयांनी उतरला. घेणाऱ्याला बरं झालं. ज्याचं सोनं गहाण होतं, त्याच्या तारणाची किंमत तेव्हापुरती कमी झाली. एका धंद्याच्या भल्याची मागणी सगळ्यांच्या भल्याची असेलच असं नाही. म्हणून दुसऱ्याच्या यादीवर सही करण्याआधी आपलं काय होणार, ते विचारायचं.

धडा चौथा: नियम टळणार नसेल तर मुदत आणि सोय मागा

१६ जून २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला, पण पहिल्यांदा फक्त २५६ जिल्ह्यांत. वर्षाला ४० लाखांपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांना सूट मिळाली. दागिन्यावर सहा अक्षर-अंकी खूण असल्याशिवाय विक्री नाही, हा नियम लागू व्हायला १ एप्रिल २०२३ उजाडला. ग्राहकाच्या हिताच्या नियमाला उघड विरोध करणं अवघड असतं. अशा वेळी टप्पे, मुदत, लहानांना सूट आणि जुन्या मालाची सोय मागणं शहाणपणाचं.

बोटीवर नवीन यंत्र लावा, नवी नोंदणी करा, जाळ्याची आस बदला, असे नियम आपल्यालाही येत राहणार. 'नको' म्हणण्याआधी 'कधीपासून, कोणाच्या खर्चानं, लहान होडीला काय' हे तीन प्रश्न विचारावेत.

धडा पाचवा: आधी घरातलं मिटवा

रात्रीच्या ज्या चौपाटीमुळं सराफा देशभर प्रसिद्ध झाला, तिच्यावरूनच अलीकडं वाद पेटला. सोन्याचे व्यापारी म्हणतात, अरुंद गल्लीत इतके गॅस सिलिंडर, आग लागली तर बंब शिरणार कुठून? खाण्याच्या गाड्यावाले म्हणतात, आमच्यामुळं बाजाराला नाव आहे, रात्रभर राबता असतो म्हणून दुकानंही सुरक्षित राहतात. दोघांचंही काही चूक नाही. २०२५ मध्ये हा वाद महापालिकेपर्यंत गेला, आणि पारंपरिक पदार्थांची जुनी दुकानं ठेवून बाकीची हटवावीत, असा तोडगा पुढं आला.

जो बाजार दिल्लीपर्यंत एका तोंडानं बोलतो, त्याला स्वतःच्या गल्लीत पंच बोलवावा लागला. आपल्याकडं काय वेगळं आहे? ट्रॉलरवाला, पर्ससीनवाला, डोलवाला, लहान होडीवाला. एकाच बंदरात चार निवेदनं चार दिशांनी जातात. साहेब चारही घेतो, आणि 'आधी तुमचं तुम्ही ठरवा' म्हणून सगळी बाजूला ठेवतो. त्याला कारण आपणच दिलेलं असतं.

मग आपण काय करायचं?

२२ एप्रिल २०२५ ला राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीसारखा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. दार उघडलं आहे. पण वीज, कर्ज, विमा यातलं नेमकं काय आपल्या बंदरात पोचलं आणि काय नाही, हे आपल्यालाच मोजून सांगावं लागणार.

डिझेल परताव्याचं उदाहरण घेऊ. 'परतावा वेळेवर द्या' असं आपण दर वर्षी लिहितो. तेच असं लिहून बघा:

समजा एका फेरीला २,००० लिटर डिझेल लागतं आणि परतावा लिटरमागं १० रुपये धरला. एका फेरीचे २०,००० रुपये. महिन्याला चार फेऱ्या, म्हणजे ८०,००० रुपये. ही रक्कम सहा महिने अडकली आणि तेवढे पैसे आपण महिना दीड टक्का व्याजानं उचलले, तर व्याज ७,२०० रुपये. हे फक्त एका महिन्याच्या परताव्याचं, आणि एकाच बोटीचं. बंदरात अशा ५० बोटी असल्या तर ३ लाख ६० हजार.

आकडे आपापले घाला, बिलं जोडा. आणि खाली एक ओळ लिहा: परतावा वेळेवर आला तर मालक बिलाचंच डिझेल घेईल, नोंद चोख राहील, आणि व्यापाऱ्याच्या उचलीपायी मासळी पडत्या भावात द्यावी लागणार नाही. ही ओळ सरकारसाठी आहे.

सभेला येताना एवढं करून या

१. या वर्षाची एकच मोठी मागणी ठरवा. बाकीच्या दोन, फार तर तीन.
२. प्रत्येक मागणीपुढं आपल्या बोटीचा हिशेब लिहा. अंदाज नको, बिलावरचा आकडा हवा.
३. सोसायटी स्वतः काय घालणार ते लिहा: जागा, वर्गणी, माणसं, नोंदी.
४. सरकारला त्यातून काय मिळेल ते एका ओळीत लिहा.
५. पूर्ण नाही मिळालं तर निदान काय हवं, ते ठरवा.
६. बंदरातल्या दुसऱ्या पद्धतीच्या मासेमारांशी आधी बसा. एकमत होईल तेवढंच वर पाठवा.

आणि एक विनंती. हिशेब लिहायला घरातल्या बाईला बसवा. बर्फ किती आला, मासळी किती भावानं गेली, सोनं कधी ठेवलं आणि कधी सोडवलं, हे तिला तोंडपाठ असतं. सराफ्यातला व्यापारी वही उघडून बोलतो म्हणून त्याचं ऐकावं लागतं. आपली वही तिच्याकडं आहे, या वेळी ती सभेत आणा.