जुनी मोटार : आराम की भरवसा?

जुनी मोटार घेताना माणूस प्रथम मऊ आसने आणि चकाकता रंग पाहतो. महाबळेश्वरकराने मात्र आधी घाट आठवावा. वाईहून पसरणी, मेढ्याहून केळघर, पोलादपूरहून आंबेनळी. वाट कोणतीही धरा, घाट चुकत नाही. चढावर इंजिन तापते, क्लच झिजतो. उतारावर ब्रेकवर ताण येतो आणि पावसाळ्यात पत्रा गंजतो. येथे भरवसा म्हणजे या चार गोष्टींची प्रकृती होय.

मग हमीपत्राचे काय? १९३० च्या मालविक्री कायद्याच्या १६ व्या कलमानुसार, काही अपवाद सोडल्यास, मालाच्या गुणवत्तेची हमी गृहीत धरली जात नाही; पारख ग्राहकानेच करावयाची. म्हणून लेखी वॉरंटीला मोल आहे. परंतु तिला महिन्यांची व किलोमीटरची मर्यादा असते. शिवाय क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर हे झिजणारे भाग बहुधा तिच्यातून वगळलेले असतात. घाट जे खातो, नेमके तेच वॉरंटी भरून देत नाही!

आराम ही सर्वस्वी चैन नव्हे. थंड हवेच्या गावी वातानुकूलन कशाला, असे वाटते. पण धुक्यापावसात काचेवर आतून धरलेली वाफ तेच लवकर घालविते. तेवढा आराम गरजेत मोजावा.

सारांश, प्रथम ओळखीच्या मिस्त्रीकडून तपासणी व घाटात चालवून पाहणे, नंतर वगळलेल्या भागांची यादी वाचून वॉरंटी, आणि मऊ आसने शेवटी. कारण कर्जाने घेतलेली गाडी बंद पडली, तरी हप्ता बंद पडत नाही.