उरलेल्या सिमेंट बोर्डाची चिमणीपेटी

बेळगाव-खानापूरकडच्या पावसात प्लायवूडची चिमणीपेटी लवकर फुगते, आणि 20 मार्चला, चिमणी दिनाला, हौसेनं टांगलेलं पुठ्ठ्याचं खोकं तर मृगाच्या पहिल्या सरीतच लोंबायला लागतं. फॉल्स सीलिंगच्या कामातून उरलेला फायबर सिमेंट बोर्ड मात्र पाण्याला दाद देत नाही. कौलारू घरांच्या वळचणीत चिमण्यांना फटी आयत्या मिळत. स्लॅबच्या घरात त्या आपणच करून द्यायच्या.

आधी बोर्ड ओळखावा. सिमेंट, सिलिका आणि लाकडाच्या लगद्याचे तंतू असलेला, पाठीवर ‘अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त’ असा छाप असलेला 8 मि.मी.चाच घ्यावा. 1901 साली ऑस्ट्रियाच्या लुडविग हॅचेकनं या मालाचं पेटंट घेतलं तेव्हा त्यात अ‍ॅस्बेस्टॉस होतं, आणि आपल्याकडच्या गोठ्यांवरचे, वखारींवरचे जुने नालीदार पत्रे त्याच जातीचे. ते कापू नयेत, भोकही पाडू नये. शंका असेल तर तुकडा तसाच ठेवावा.

कापणी अंगणात करावी. ग्राइंडर लावला की सिलिकाची बारीक धूळ उडते आणि ती फुफ्फुसाला वाईट. त्यापेक्षा पट्टी धरून कार्बाइडच्या कटरनं चार-पाच वेळा खोल रेघ मारावी आणि टेबलाच्या कडेवर दाबून तोडावं. तोंडाला एन-95 मास्क हवाच.

मापं सेंटिमीटरमध्ये: पाठ 15×35, पुढची बाजू 15×20, तळ 13.4×15, छप्पर 19×22. दोन्ही कुशी 15 रुंद, मागे 25 आणि पुढे 20 उंच, म्हणजे छपराला उतार आपोआप येतो. पुढच्या बाजूला तळापासून 14 सेंटिमीटरवर होल सॉनं 32 मि.मी.चं भोक पाडावं. बसायला दांडी लावू नये. तिचा उपयोग चिमणीपेक्षा कावळ्याला जास्त. भोकाच्या आतली बाजू करवतीच्या पात्यानं आडवी खरवडावी, नाहीतर गुळगुळीत बोर्डावर पिल्लांचे पाय घसरतात.

बोर्डाच्या जाडीत स्क्रू मारला की तो पापुद्र्यांनी फुटतो, म्हणून आतल्या कोपऱ्यांत लाकडी रिपा बसवाव्यात, आधी भोक पाडावं, कडेपासून दीड सेंटिमीटर सोडावं आणि जस्ताचे स्क्रू रिपेतच रुतवावेत. पाठ वर-खाली पाच-पाच सेंटिमीटर बाहेर ठेवावी. भिंतीचे स्क्रू तिथे येतात. तळाला पाणी निथळायला चार बारीक भोकं, कुशींना छपराखाली दोन-दोन. तळ दोनच स्क्रूंवर ठेवावा, साफसफाईला सोपा. आतून रंग नको. तयार पेटी दोन दिवस पाण्यात बुडवून, पाणी बदलून, सावलीत खडखडीत वाळवावी.

या बोर्डाचा खरा दोष एकच: ऊन लागलं की तो तापतो. एप्रिलमध्ये निपाणीकडे पश्चिमेच्या भिंतीवरच्या पेटीत पिल्लं शिजतील. म्हणून उत्तर किंवा पूर्व भिंत निवडावी, सज्जाखाली, दहा फुटांवर, जिथे मांजर पोचत नाही. पावसाचा मारा आपल्याकडे पश्चिमेकडून येतो, तेव्हा तोही टळतो.

पेटी लावायला जानेवारी बरा. चिमण्या घोळक्यानं राहतात, त्यामुळे दोन-तीन जवळजवळ लावल्या तरी चालतात. पहिलं वर्ष रिकामं गेलं म्हणून जागा बदलू नये. पिल्लं उडून गेल्यावर, आत हालचाल नाही याची खात्री करून, तळाचे स्क्रू सोडावेत आणि जुनं गवत झाडून टाकावं.