जिन थांबविण्याचा अखत्यार

ज्या गावाच्या नावालाच रेल्वे जोडली गेली आहे आणि ज्याची भरभराट कापसाच्या व्यापारावर झाली, त्या धामणगावात आगीचे भय कोणाला नवे नाही. यवतमाळकडचा कापूस बैलगाड्यांनी येथवर यावा, येथल्या जिनांत त्याची सरकी निघावी, प्रेसमध्ये रुईच्या गठाणी बांधल्या जाव्यात आणि त्या आगगाडीने मुंबईकडे रवाना व्हाव्यात, हा क्रम इंग्रजी अमदानीत सुरू झाला, आणि त्याच्याबरोबरच गंज्या पेटल्याच्या हकिगतीही बापाकडून मुलाकडे येत राहिल्या. इतके असूनही आगीसंबंधीचे शिक्षण कारखान्यात नेमके कोणाला द्यावयाचे, याविषयी आमच्या कारखानदारांची समजूत अपुरी आहे, असे मला एका जिनिंग कारखान्याच्या दफ्तरात दीर्घकाळ दिवाणजी म्हणून काम केल्यावर वाटू लागले आहे. कारखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्याच्यासारखे अनेक आहेत.

त्या कारखान्यात प्रशिक्षण झाले नव्हते, असे कोणी म्हणू शकणार नाही. शहरातून एक गृहस्थ आले, आवारात लोखंडी परातीत डिझेल पेटविण्यात आले, मुनीम, टंकलेखक, वजनकाट्यावरचा कारकून आणि फाटकावरचा पहारेकरी यांनी आळीपाळीने लाल नळकांड्याची खीळ ओढून ती आग विझविली, छायाचित्रे निघाली, हजेरीपटावर सह्या झाल्या आणि प्रमाणपत्र चौकटीत बसून मालकांच्या खुर्चीमागे लागले. जिनांवर कापूस टाकणाऱ्या बाया त्या वेळी कामावर होत्या. त्यांना बोलावण्याचे कोणाच्या मनातही आले नाही, कारण बोलावणे म्हणजे जिन बंद ठेवणे.

पुढे हंगामाच्या ऐन भरात, रात्रपाळीत, कापसाबरोबर आलेला खडा म्हणा की लोखंडाचा तुकडा म्हणा, जिनाच्या पात्यावर आपटला आणि काजव्याएवढी ठिणगी एका बाईने डोळ्यांनी पाहिली. तिने ओरडावयाचे होते, कळ दाबावयाची होती. पण कळीला हात लावणे हे तिचे काम नव्हे, हेच तिला पहिल्या दिवसापासून बजावलेले असल्यामुळे ती मुकादमाला शोधीत गेली. मुकादम फाटकाबाहेर चहाला गेला होता. तो आला तो फिटरकडे गेला. आणि यंत्र बंद पडले की कोणाच्या हुकमाने पडले याचा जाब सकाळी द्यावा लागत असल्याने फिटरने पर्यवेक्षकाला विचारणे पसंत केले. एवढ्या अवधीत वाऱ्याच्या नळाने ती ठिणगी रुईच्या दालनात नेऊन पोचविली होती.

जीवितहानी झाली नाही. परंतु माणसे अंगणात गोळा झाल्यावर आत कोणी राहिले आहे काय, या साध्या प्रश्नाला उत्तर देणारा मनुष्य त्या आवारात नव्हता. मजूर ठेकेदाराचे, त्यांची यादी ठेकेदाराच्या घरी आणि गंजीच्या आडोशाला झोळीत निजविलेल्या तान्ह्या पोरांची नोंद तर कोणत्याच वहीत नव्हती. ती पोरे बाहेर आली ती आयांच्या प्रसंगावधानाने. कारखान्याच्या बंदोबस्ताला त्याचे श्रेय देता येत नाही.

या प्रसंगानंतर मी मुंबई बंदरातील १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटाची हकिगत नव्या नजरेने वाचली. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर शेकडो टन दारूगोळा होता आणि कराचीत चढविलेल्या कापसाच्या हजारो गठाणी त्याच्या शेजारीच रचल्या होत्या. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. पहिला प्रचंड स्फोट झाला तो चार वाजून सहा मिनिटांनी. मधल्या दोन तासांत जहाज बुडवावे की खोल समुद्रात न्यावे, याचा निर्णय शेवटपर्यंत झाला नाही, कारण जहाजाचा कप्तान, दारूगोळ्याचे जाणकार, गोदीचे अधिकारी आणि बंबवाले हे सर्व हजर असताना अंतिम हुकूम कोणाचा, हेच ठरलेले नव्हते. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर पाळला जातो. आमच्या जिनातील फिटर आणि त्या गोदीतील अधिकारी यांच्या योग्यतेत कितीही अंतर असो, दोघांचीही अडचण एकच होती. आणि आग विझविणाऱ्यांवर काय ओढवते, हे पाहण्यास मुंबईला जाण्याचीही गरज नाही. वर्धा नदी ओलांडताच पुलगाव लागते, जिथल्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या पहाटे अग्निशमनाचे कर्मचारी आणि लष्करी अधिकारी बळी पडले.

कायदा या बाबतीत मोघम नव्हता. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ३८ व्या कलमात, आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे मार्ग ‘सर्व’ कामगारांना माहीत असावेत आणि त्या वेळी काय करावयाचे याचे पुरेसे शिक्षण त्यांना मिळालेले असावे, अशी तजवीज केलेली होती. त्यात कारकून आणि रोजंदारीची बाई असा भेद नव्हता. नागपूरला १९५७ पासून राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, म्हणजे विद्या आपल्या दारात आहे. ती जिनघराच्या उंबऱ्याच्या आत मात्र शिरत नाही.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, ठिणगी पाहणाऱ्या कोणाही मजुराला, मग ती कालच कामावर आलेली बाई का असेना, यंत्र आणि वाऱ्याचा नळ बंद करण्याचा पूर्ण अखत्यार असल्याचे मालकांनी स्वतःच्या तोंडाने, सर्वांसमक्ष सांगावे आणि खोट्या संशयावरून जिन थांबला तरी कोणाची मजुरी कापली जाणार नाही, हेही त्याच वेळी सांगावे. मालकांच्या तोंडून हे ऐकल्यावाचून तो हात कळीपर्यंत जात नाही. बंद करण्याची कळ बाईच्या हाताच्या टप्प्यात हवी. आमच्याकडे ती पुरुषभर उंचीवर, बारदानाच्या ढिगामागे होती.

विझविण्याविषयी थोडेसेच. भुकटीचे नळकांडे काही सेकंदांत रिकामे होते, तेव्हा बाहेर जाण्याचा दरवाजा पाठीशी ठेवून ज्वाळेच्या बुडाशी मारा करावा. विजेच्या फळीवर पाणी मारू नये. रुईची ज्वाळा विझली तरी निखारा आत धुमसत राहतो, आणि घट्ट दाबलेल्या गठाणीच्या पोटात तर तो दिवसचे दिवस जिवंत असतो. ती गठाण उघड्या मैदानात इतर मालापासून लांब न्यावी आणि तिच्यावर पहारा ठेवावा. दिव्यांवर, मोटारींवर, तुळयांवर साचलेला रुईचा भुरका दर पाळीला झाडावा. हजेरीची एक प्रत फाटकावर असावी, तिच्यात पोरांचीही संख्या असावी.

राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. जुलैत आमचे जिन बंद असतात आणि जानेवारी येईतो अर्धा हंगाम उलटलेला असतो, हे लक्षात घेऊन कारखानदारांनी दसऱ्याला यंत्रांची पूजा करतात त्याच दिवशी आपली तपासणी उरकावी. मजूर दिवाळीनंतर येतात. त्यांची पहिली पाळी सुरू होण्यापूर्वी, रात्रपाळीची वेगळी, त्यांना समजेल त्या बोलीत, एक तास जिन बंद ठेवून तालीम घ्यावी आणि त्या तासाची मजुरी द्यावी. एवढा एक तास यंदाच्या हंगामात प्रत्येक मालकाने काढावा, ही माझी विनंती आहे.