सामना चालविण्याचे शिक्षण

पैठण तालुक्यातील पाचोड हे धुळे-सोलापूर महामार्गावरील बाजाराचे गाव असून भोवतालच्या शिवारात मोसंबीच्या बागा आहेत. अशा गावच्या व आसपासच्या वस्त्यांवरील शाळांत खो-खोचा तास सुरू झाला की पुष्कळदा एकच दृश्य दिसते. तीस मुलांपैकी अठरा चपळ मुले मैदानात उतरतात आणि उरलेली बारा लिंबाखाली बसून राहतात. बसणारी मुले वर्षभर बहुधा तीच असतात. खेळाच्या तासाने त्यांना काय दिले, याचा विचार शिक्षकाने अवश्य करावा.

खो-खो हा खेळ जुना आहे. परंतु त्याला नियमांची शिस्त लागली ती सरकारी हुकमाने नव्हे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये त्याचे नियम ठरविले व बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने ते १९२४ मध्ये प्रसिद्ध केले. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ मध्येच ज्या व्यायाम मंडळाचा पाया घातला, त्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. ही कामे बव्हंशी हौशी मंडळींची. मैदान आखणे, वर्गणी गोळा करणे, नियमांवर वाद घालणे व शेवटी एकमताला येणे, हे त्यांनी आपापला चरितार्थ सांभाळून केले.

मराठवाड्याला हे सहज लाभले नाही. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी निजामी राजवटीत सभा भरविणे किंवा आखाडा चालविणे यांवर परवानगीचे निर्बंध होते. आज गावोगावी यात्रेत कुस्त्यांचा हगामा भरतो. लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्तीपासून अखेरच्या मोठ्या कुस्तीपर्यंत सारे गावच्या वर्गणीतून व पंचांच्या देखरेखीखाली चालते. गावाने एकत्र येऊन खेळ चालवावा, ही मोकळीकही मिळवावी लागलेली आहे.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी अजिंक्यपद पटकाविले. प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तेथे मॅट होती, येथे माती आहे. पण पंचावाचून सामना तेथेही होत नाही व येथेही होत नाही.

आता तीस मुलांचा हिशेब पाहावा. खो-खोच्या संघात नऊ खेळाडू व तीन राखीव असे बारा जण असतात. म्हणजे दोन संघांची चोवीस मुले झाली. सामन्याला एक सरपंच, दोन पंच व एक वेळाधिकारी लागतो. (हा सरपंच ग्रामपंचायतीचा नव्हे, हे पहिल्या दिवशीच सांगून टाकावे, नाही तर हशा पिकतो.) प्रत्येक संघासाठी एक असे दोन गुणलेखक नेमावेत. ही सहा मुले धरता तीस पूर्ण होतात व लिंबाखाली रिकामे कोणीही उरत नाही. पट कमी असल्यास राखीव खेळाडू कमी करावेत. सामन्यापूर्वी फक्कीने मैदान आखण्याचे काम मुलांनाच द्यावे. रेषा वाकडी आली तरी शिक्षकाने आपण होऊन ती सरळ करू नये; सामना सुरू होताच मुलांनाच ती खटकते.

कामे प्रत्येक सामन्याला बदलावीत. सर्वांत चपळ मुलाने एखादा दिवस घड्याळ धरून बसावे. त्याला ते जड जाते, पण उपयोगी असते.

यातील खरे कठीण काम पंचाचे. आक्रमकाने मध्य पाटी ओलांडली किंवा तो उलट दिशेने फिरला, हे पाहणे सोपे; ते शिट्टी वाजवून सांगणे अवघड. ज्याच्या बागेत आपले वडील मोसंबीच्या तोडीला जातात, त्याच्या मुलाला बाद ठरविण्याची वेळ एखाद्या मुलावर येते. त्याची शिट्टी ओठांवर थांबते. तो हळूच शिक्षकाकडे पाहतो. अशा वेळी शिक्षकाने मान हलवून खूणसुद्धा करू नये. निर्णय त्या मुलाचाच राहिला पाहिजे. तो चुकला तरी सामना चालू असताना शिक्षकाने तो फिरवू नये. खेळ संपल्यावर सरपंच, दोन्ही पंच व दोन्ही कर्णधार यांना एकत्र बसवून चर्चा करावी. बाद झालेला मुलगा मुकाट्याने बाहेर गेला, तर त्याचीही सर्वांसमक्ष प्रशंसा करावी; कारण त्यानेही त्या दिवशी काही सोडलेले असते.

गावातील एखादा जुना खेळाडू तरुण मदतीस येण्यास तयार असेल, तर त्याला सुगी व तोडीचे दिवस वगळून बोलवावे. त्याला मानधन देता येत नाही. निदान त्याचा वेळ ठरल्या घटकेस सुरू व्हावा व ठरल्या घटकेस संपावा. खांबांसाठी अगर शिट्टीसाठी वर्गणी काढल्यास जमाखर्च फळ्यावर लिहावा, मग रक्कम पन्नास रुपये का असेना.

या सर्वांची एक वही ठेवावी. तीत गुणांबरोबर कोणी कोणते काम केले, तेही मुलांनीच लिहावे. ज्याच्या नावापुढे लागोपाठ दोनदा ‘राखीव’ असे आले असेल, त्याला पुढच्या सामन्यात संरक्षकांच्या पहिल्या तुकडीत उतरवावे.