प्रीअ‍ॅम्प घ्यायचा की कूलर?

आधीच कबूल करतो, माझे शिक्षण दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झाले. 'प्रवर्धक' हा शब्द मला मॅगझीनच्या मराठी विभागाच्या मॅडमनी शिकवला. तो छान आहे, पण लेखात मी अ‍ॅम्पच लिहिणार, कारण दुकानात जाऊन 'प्रवर्धक द्या' म्हणण्याची माझी हिंमत नाही.

विषय आमच्या होस्टेलच्या रिक्रिएशन रूमचा. सीनियर्सनी जाताना सोडलेले दोन स्पीकर, गॅदरिंगच्या सामानातला जुना पॉवर अ‍ॅम्प आणि वर्गणी काढून घेतलेला यूएसबी डॅक, एवढी आमची सिस्टीम. डॅक म्हणजे कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचे व्होल्टेज करून देणारी डबी. आमच्यातले दोघे वायर आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, "प्रीअ‍ॅम्प नाही? मग आवाजात जान कुठून येणार?" किंमत रु. ९,०००. होस्टेल फंडात शिल्लक रु. ११,०००, आणि त्यातून मेसबाहेरचा वॉटर कूलर दुरुस्त करायचा होता. सोलापूरचा एप्रिल ज्यांनी काढलाय त्यांना कूलरचे महत्त्व सांगायला नको. सरळ दोन पार्ट्या पडल्या. शेवटी रेक्टर सर मला म्हणाले, "तू इलेक्ट्रॉनिक्सचा ना? आठ दिवसांत सांग, लागतो की नाही."

प्री म्हणजे आधी. पॉवर अ‍ॅम्प स्पीकर हलवण्याइतका करंट देतो, पण त्याला पूर्ण आवाजासाठी इनपुटला साधारण १ ते २ व्होल्ट लागतात. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईखालून येतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट. टेपच्या हेडमधून त्याहूनही कमी. म्हणून मध्ये कोणीतरी सिग्नल मोठा करणारा हवाच होता. त्याच खोक्यात मग व्हॉल्यूम, बास-ट्रेबल आणि सिलेक्टरची बटणे आली. १९८२ साली सीडी प्लेअर बाजारात आला आणि त्याचे आउटपुटच २ व्होल्टच्या आसपास होते. आजचे बहुतेक चांगले डॅक तेवढेच देतात. म्हणजे प्रीअ‍ॅम्पचे मूळ काम तिथेच संपले, खोके मात्र राहिले.

हे पुस्तकातले झाले. खात्री करण्यासाठी डॅक लॅबमध्ये नेला. फुल व्हॉल्यूमला १ किलोहर्ट्झचा टोन लावला, ऑसिलोस्कोपवर पीक २.८ व्होल्ट, म्हणजे आरएमएस २ व्होल्ट. आमच्या पॉवर अ‍ॅम्पच्या मागच्या पट्टीवर १ व्होल्ट छापलेले आहे. गरजेच्या दुप्पट सिग्नल आमच्याकडे आधीच होता! त्यात दहापट करणारा प्रीअ‍ॅम्प लावला तर नॉब कायम सुरुवातीच्या कोपऱ्यातच राहणार, आणि स्वस्त नॉबमध्ये नेमके तिथेच डावे-उजवे चॅनेल सारखे नसतात. शिवाय प्रीअ‍ॅम्पचा स्वतःचा नॉइज वेगळाच.

पण होस्टेलमध्ये ऑसिलोस्कोपवर कोण विश्वास ठेवतो? "कानाने ऐक बे," असे उत्तर आले. मग एका मित्राच्या काकांचा प्रीअ‍ॅम्प दोन दिवस मागून आणला. पहिल्या फेरीत सगळ्यांनी मान्य केले की प्रीअ‍ॅम्पने बास भारी झाला. मलाही तसेच वाटले, खोटे कशाला बोलू. नंतर १०० हर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या टोकांना मल्टिमीटर धरला. (साधा मल्टिमीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला चुकीचे दाखवतो, म्हणून १०० हर्ट्झ.) प्रीअ‍ॅम्पशिवाय २.०० व्होल्ट, प्रीअ‍ॅम्पसह २.३८. म्हणजे दीड डेसिबल जास्त. एवढा फरक 'मोठा आवाज' म्हणून कळत नाही, 'चांगला आवाज' म्हणून कळतो. यातच बरेच ग्राहक फसत असावेत.

दोन्ही आवाज सारखे केले, सामानावर टॉवेल टाकला, नाणे उडवून कधी हे कधी ते लावले. आमच्यातला सगळ्यात कानसेन दहापैकी सहा वेळा बरोबर आला आणि नाचायला लागला. त्याला गणित करून दाखवले: नुसते डोळे मिटून अंदाज ठोकला तरी दहापैकी सहा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ३८६, म्हणजे सुमारे ३८ टक्के. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

आता विरुद्ध पार्टीचे जे बरोबर होते तेही सांगायला हवे. आमच्या पॉवर अ‍ॅम्पला नॉबच नाही. कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम चुकून फुल झाला की स्पीकरचे कल्याण. दुसरा मुद्दा डिजिटल व्हॉल्यूमचा: आवाज ६ डेसिबलने कमी केला की एक बिट जातो. जुन्या १६ बिटच्या साउंड कार्डवर ही तक्रार खरी होती. ९६ डेसिबलमधून ४० कमी केले तर उरतात ५६. पण २४ बिटच्या डॅकमध्ये १६ बिटचे गाणे वाजवताना वर ८ बिट मोकळे असतात, म्हणजे ४८ डेसिबलपर्यंत गाण्याचा एकही बिट पडत नाही. बिटची काळजी सोडा, नॉबची काळजी खरी.

त्यासाठी रु. ९,००० लागत नाहीत. डॅक आणि अ‍ॅम्पच्या मध्ये एका पत्र्याच्या डबीत दुहेरी लॉग पोटेन्शिओमीटर बसवला, झाले. फक्त तो १० किलोओहमचा घ्या. माझ्याकडे १०० किलोओहमचा पडून होता, तोच लावणार होतो. पण नॉब मध्यावर असताना पॉटचा रेझिस्टन्स पुढच्या वायरला एक-चतुर्थांश दिसतो, म्हणजे २५ किलोओहम. पुढची वायर लांब असून तिचे कपॅसिटन्स ५०० पिकोफॅरड धरले तर कटऑफ येतो १२.७ किलोहर्ट्झला. झांजांची वरची चमक गेलीच. १० किलोओहमला हाच कटऑफ १२७ किलोहर्ट्झवर जातो, तिथे ऐकायला कोणी नाही. आणि सवय ठेवा: पॉवर अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी चालू, सगळ्यात आधी बंद.

प्रीअ‍ॅम्प घेऊ नये असा रिपोर्ट दिला आणि कूलर दुरुस्तीला गेला. त्याच संध्याकाळी सर स्वतःचा रेकॉर्ड प्लेअर आणि गीतरामायणाची एलपी घेऊन हजर! पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये वर्षभर चाललेले ते गीतरामायण सरांच्या घरी पाठ आहे. प्लेअर सरळ अ‍ॅम्पला जोडला तर सुधीर फडके डासासारखे ऐकू आले. "लागत नाही म्हणालास ना?" सर म्हणाले.

इथे लागतो. ५ मिलिव्होल्टचे शंभरपट करायचे असतेच, पण त्याहून मोठे कारण वेगळे आहे. एलपी कापताना बास मुद्दाम कमी करतात, नाहीतर खाचा फार रुंद होतील, आणि ट्रेबल वाढवतात, म्हणजे वाजवताना ती कमी केली की खरखरही कमी होते. १९५४ मध्ये ठरलेला हा आरआयएए कर्व्ह फोनो प्रीअ‍ॅम्प उलटा फिरवतो. २० हर्ट्झ आणि २० किलोहर्ट्झ या दोन टोकांत जवळपास ४० डेसिबलचा फरक असतो, तो बास-ट्रेबलच्या बटणांनी भरून निघत नाही.

तो मी एनई ५५३२ या आयसीवर जनरल पर्पज बोर्डवर बांधला, खर्च रु. ६५० आला. पहिल्या दिवशी रामापेक्षा ५० हर्ट्झचा हम मोठा होता. ट्रान्सफॉर्मर हातभर लांब नेला, प्लेअरची अर्थची वायर बोर्डच्या ग्राउंडला जोडली, तेव्हा शांत झाला. डाव्या चॅनेलमध्ये अजून बारीकसा राहिलाय. सरांना तो ऐकू येत नाही, मला येतो.